कृती आणि दक्षता

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



माझी ओळख करून देताना ‘डेटा सेंटरमधले मोठे अधिकारी’ असं म्हटलं गेलं, तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलं. मला ऐकू आलं. हसणारे बरोबर आहेत. ज्याची दहावीची प्रयोगवही आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात मित्राच्या वहीवरून उतरवलेली होती, तो अधिकारी झाला यावर विश्वास बसायला वेळ लागणारच. कंदील अभ्यासू मुलाचा म्हणून नव्हता. भिवंडीत वीज गेली होती, म्हणून होता.

त्या प्रयोगवहीची गोष्ट आधी सांगतो, कारण पुढे ती लागणार आहे. आपल्याला आठवत असेल, प्रत्येक प्रयोगाला मथळे ठरलेले असायचे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान आणि सगळ्यात शेवटी दक्षता. दक्षता कोणीच वाचायचं नाही, फक्त उतरवायचं. तोंडी परीक्षेत सरांनी माझ्यापुढे भिंग ठेवलं आणि विचारलं, “दक्षता कोणती घेतलीस?” मी छातीठोकपणे सांगितलं, “थर्मामीटर भांड्याच्या तळाला टेकू देऊ नये.” वहीत एक पान पुढचं पाठ झालं होतं. सगळे हसले. सर हसले नाहीत. ते म्हणाले, “बाळ, दक्षतेतली प्रत्येक ओळ कुणाचा तरी थर्मामीटर फुटला म्हणून लिहिलेली असते.”

सर आज इथे आहेत. सर, तेव्हा कळलं नव्हतं. कळायला जवळजवळ वीस वर्षं लागली, आणि फुटलेली वस्तू थर्मामीटरपेक्षा बरीच महाग होती.

आता माझं काम सांगतो. पुष्कळ जणांनी मघाशी चहाच्या वेळी विचारलं, “तू नक्की करतोस काय?”

आपण पैसे पाठवतो, रेल्वेचं तिकीट काढतो, आपल्या बॅचच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे फोटो पडतात, ते सगळं कुठल्या ना कुठल्या सर्व्हरमधून जातं. सर्व्हर म्हणजे आपल्या घरच्या कॉम्प्युटरचाच भाऊ. पण चपटा, आणि त्याला पडदा नाही की की-बोर्ड नाही. लोखंडी कपाटात तो ट्रेसारखा आडवा सरकवतात. त्या कपाटाला रॅक म्हणतात, आणि नेहमीच्या रॅकमध्ये ४२ खण असतात. अशी कपाटं ओळीने मांडलेल्या, थंडगार हवेच्या इमारती ऐरोली, रबाळे, महापे इथे उभ्या आहेत. त्यांतल्या एकीत मी २००५ साली लागलो. भिवंडीहून एसटीने कशेळीच्या पुलावरून ठाणे, तिथून नव्यानेच सुरू झालेल्या मार्गावरची लोकल. बहुतेक वेळा रात्रपाळी.

नवा सर्व्हर खोक्यातून निघाला की तो लगेच कामाला लागतो, असं नाही. त्याला तयार करावं लागतं. सुरू होताना आधी कुठल्या डिस्ककडे बघायचं, वीज वाचवण्यासाठी हळू चालायचं की पूर्ण वेगाने, वीज गेली आणि परत आली तर आपणहून उठायचं की कोणी उठवेपर्यंत पडून राहायचं, दोन डिस्कवर एकच माहिती जोडीने लिहायची का, म्हणजे एक मेली तरी दुसरी शाबूत राहील. अशा पंचवीस-तीस गोष्टी ठरवायच्या असतात. त्यानंतर त्याच्यावर ऑपरेटिंग सिस्टीम चढवायची, पत्ता द्यायचा, नाव द्यायचं, नोंदवहीत लिहायचं.

हे सगळं तेव्हा आम्ही हाताने करायचो. एका ट्रॉलीवर पडदा आणि की-बोर्ड ठेवलेला असायचा. ती ट्रॉली ढकलत रॅकपाशी न्यायची, वायरी जोडायच्या, निळ्या पडद्यावर एकेक ओळ बदलायची, हातातल्या कागदावर टिकमार्क करायचा. एका सर्व्हरला दोन तास. मग पुढचा. पहाटे चारला माणसाचे डोळे मिटायला लागतात, तेव्हा टिकमार्क आधी होतो आणि काम नंतर, किंवा होतच नाही. एकदा इमारतीची वीज खटकन गेली आणि आली. चाळीस सर्व्हर होते. एकोणचाळीस उठले, एक उठला नाही. ‘आपणहून उठ’ ही एक ओळ त्याच्यावर राहून गेली होती. कागदावर मात्र टिकमार्क होता, आणि खाली सही माझी.

इथे बसलेल्यांपैकी निम्म्या घरांत साचे होते, म्हणून पुढचं मी आपल्या भाषेत सांगतो. माझे वडील जॉबर होते, हे अनेकांना माहीत आहे. साध्या साच्यावर सरळ कापड निघतं. नक्षी हवी असेल तर वर डॉबी बसवतात. डॉबीला लाकडी पट्ट्यांची साखळी असते आणि पट्टीला भोकं. भोकात खुंटी ठोकली, तर ती चौकट उचलली जाते आणि त्या तारा वर येतात. खुंटी नसेल, तर त्या तारा खालीच राहतात. साखळी फिरत राहते आणि नक्षी आपोआप उमटत जाते. विणकराने नक्षी डोक्यात ठेवायची गरज नाही. ती पट्ट्यांवर लिहिलेली आहे.

ज्याला आम्ही स्क्रिप्ट म्हणतो, ती हीच खुंट्यांची साखळी. कॉम्प्युटरने एकामागून एक काय करायचं, त्याच्या ओळी. हे मी ओढूनताणून जोडत नाही. फ्रान्समधल्या लिऑनच्या जोसेफ जकार्डने १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी लिहिली आणि मागाला ती वाचायला लावली. तसेच भोकांचे पत्ते हर्मन हॉलेरिथने अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत मोजदादीसाठी वापरले. त्याची कंपनी पुढे ज्या कंपनीत विलीन झाली, तिचंच नाव १९२४ साली आयबीएम झालं. म्हणजे कॉम्प्युटरचं घराणं शोधत गेलात तर एक वाट मागाच्या कारखान्यात पोचते. कल्याण नाक्यावरच्या आमच्या गल्लीतला खटखटाट आणि माझ्या नोकरीतला पंख्यांचा घुमणारा आवाज हे नात्यातले आहेत, असं मी वडिलांना सांगायचो. ते म्हणायचे, “असेल. पण तुझ्याकडे एसी आहे.”

तर आम्ही हळूहळू स्क्रिप्ट लिहायला शिकलो. त्याला तीन गोष्टींची मदत झाली.

पहिली म्हणजे सर्व्हरच्या पोटातला रखवालदार. प्रत्येक सर्व्हरमध्ये एक छोटासा वेगळा कॉम्प्युटर असतो. सर्व्हर बंद असला, तरी विजेची वायर जोडलेली असेपर्यंत तो जागा असतो. दुसऱ्या मजल्यावर बसून त्याला सांगता येतं, “मालकाला उठव,” किंवा “आत तापमान किती आहे?” त्याच्याशी बोलायची एक ठरावीक रीत इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या कंपन्यांनी १९९८ साली मिळून ठरवली. तिचं नाव आयपीएमआय. २०१५ साली रेडफिश नावाची तिच्याहून सोपी आणि सुरक्षित रीत आली. ट्रॉली गेली ती या रखवालदारामुळे.

दुसरी गोष्ट म्हणजे नेटवर्कवरून सुरू होणं. डिस्क कोरी असली की सर्व्हर वायरीवर हाक मारतो, “मी नवा आहे, माझा पत्ता काय आणि मी काय वाचू?” एक ठरलेला कॉम्प्युटर ओ देतो, पत्ता देतो आणि ऑपरेटिंग सिस्टीम वाढतो. पंगतीत वाढतात तशी, एकाच वेळी पंचवीस-पन्नास जणांना. या पद्धतीचं नाव पीएक्सई. तिचा आराखडा इंटेलने नव्वदच्या दशकाच्या शेवटी प्रसिद्ध केला.

तिसरी गोष्ट २०१२ साली आली, अन्सिबल. तशी अवजारं आधीही होती, पण हे आमच्यासारख्यांना जमलं. यात ‘हे कर, मग ते कर’ असं लिहिण्यापेक्षा ‘शेवटी हे असं असलं पाहिजे’ असं लिहायचं. दिवा लागलेला हवा, असं लिहिलं तर ते आधी दिव्याकडे बघतं. लागलेला असेल तर बटणाला हात लावत नाही. त्यामुळे तीच फाइल दहा वेळा चालवली, तरी सहसा बिघडत नाही.

याने किती फरक पडतो, ते हिशेबाने सांगतो. २०२० च्या जुलैत पनवेलजवळ योट्टा कंपनीचं एक डेटा सेंटर सुरू झालं. ७२०० रॅकची क्षमता असलेली एकच इमारत. समजा, रॅकमागे वीस सर्व्हर धरले आणि सगळे रॅक भरले, तर १,४४,००० सर्व्हर. एकाला दोन तास. एकटा माणूस रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता बसला, तर जवळजवळ ९९ वर्षं लागतील. गणिताच्या बाई इथे आहेत. बाई, या वेळी मी पायऱ्या गाळलेल्या नाहीत.

इथपर्यंत सगळी कृती झाली. आता दक्षता.

२०१३ सालची गोष्ट. कंपनीचं नाव सांगत नाही, ती मी केव्हाच सोडली. बारा नवे सर्व्हर आले होते. त्यांच्या डिस्कच्या जोड्या लावायची स्क्रिप्ट मी स्वतः लिहिली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. जोडी नव्याने लावली की डिस्कवर आधी जे असेल ते जातं. नव्या सर्व्हरवर काहीच नसतं, त्यामुळे फिकीर नव्हती. बारा पत्त्यांची यादी हातात आली. मी ती स्क्रिप्टला दिली, एन्टर दाबलं आणि चहा प्यायला गेलो.

यादीतला एक पत्ता चुकला होता. एका आकड्याचा फरक. तो नवा सर्व्हर नव्हता. एका ग्राहकाच्या मालवाहतुकीच्या नोंदी त्याच्यावर होत्या. माझ्या स्क्रिप्टने त्याला काही विचारलं नाही. सांगितलं होतं तेवढं केलं, आणि एका मिनिटाच्या आत केलं. मी चहा घेऊन परत आलो, तेव्हा पडद्यावर हिरव्या अक्षरांत बारा ओळी होत्या. बारा झाले, शून्य चुका. त्या क्षणी मी खुशीत होतो. दहा मिनिटांनी फोन वाजला.

आदल्या रात्रीची प्रत होती, म्हणून सगळं बुडालं नाही. पण ती परत चढवायला एकोणीस तास गेले, आणि त्या दिवसभराच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. ग्राहकाच्या ऑफिसातल्या मुलांनी कागदाच्या पावत्या काढून दोन दिवस बसून त्या पुन्हा भरल्या. यादी मी केली नव्हती, हे खरं. ते मी साहेबांना सांगितलंही असतं. पण हाताने काम करत असतो, तर त्या सर्व्हरपाशी ट्रॉली घेऊन उभा राहिलो असतो, त्याचा दिवा लुकलुकताना दिसला असता, आणि हात थांबला असता. तो थांबणारा हात मी स्क्रिप्टमध्ये लिहिलाच नव्हता. मी साहेबांना म्हटलं, चूक माझी.

दुसऱ्या दिवशी रात्री घरी आलो. वडील जागे होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांना डिस्क कळत नव्हती, पण साखळी कळत होती. त्यांनी एवढंच विचारलं, “वीतभर विणून बघितलं होतंस?”

ज्यांच्या घरी साचे होते, त्यांना हे समजेल. डॉबीवर नवी साखळी चढवली की वडील ताबडतोब साचा सोडून देत नसत. वीतभर कापड विणायचं, साचा थांबवायचा, कापड उजेडात धरायचं आणि नमुन्याशी ताडून बघायचं. कारण हाताने चूक झाली तर ती एका जागी होते. खुंटी चुकली तर तीच चूक साखळीच्या प्रत्येक फेऱ्यात, पूर्ण तागाभर उमटते, आणि मग तो तागा व्यापारी अर्ध्या भावातही घेत नाही.

वडिलांचं ऐकताना मला सरांचा थर्मामीटर आठवला. मी कृती लिहिली होती. दक्षतेचा मथळा कोराच होता.

म्हणून हाताने करणंच बरं, असा अर्थ कुणी काढू नये. त्याच्या आदल्याच वर्षीची, १ ऑगस्ट २०१२ ची एक घटना आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेतल्या नाईट कॅपिटल या शेअर बाजारातल्या कंपनीला आठ सर्व्हरवर नवा प्रोग्राम चढवायचा होता. तंत्रज्ञाने सातांवर चढवला, एक राहून गेला. दुसऱ्या कोणी तपासलं नाही. त्या आठव्या सर्व्हरवरचा जुना प्रोग्राम बाजार उघडताच भलत्याच ऑर्डरी सोडत सुटला. पाऊण तासात कंपनीला ४६ कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. कंपनी पुढे दुसऱ्या कंपनीत गेली. हाताने एक राहून जातो, स्क्रिप्टने सगळे एकदम जातात. दोन्हीकडे उपाय एकच. काय केलं ते लिहिलेलं असावं, आणि ते दुसऱ्या कोणी तरी वाचलेलं असावं.

त्यानंतर माझ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला दक्षता असते. आधी सर्व्हरच्या कंपनीचा अनुक्रमांक यादीशी जुळतो का बघ. डिस्कवर काही लिहिलेलं आढळलं तर थांब आणि माणसाला विचार. काय करणार ते आधी नुसतं सांग, करू नकोस. मग एकाच सर्व्हरवर करून दाखव, तो आम्ही तपासू, मग उरलेले. त्या ‘एकाच सर्व्हर’च्या पायरीचं नाव आमच्या टीममध्ये ‘वीतभर’ पडलं आहे. बंगळुरूची मुलंही तोच शब्द वापरतात. कुठून आला ते त्यांना माहीत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. सांगावी की नाही, याचा रात्रभर विचार करत होतो.

ट्रॉली गेली, तेव्हा ट्रॉली ढकलणारी मुलंही होती. रात्रपाळीला आम्ही नऊ जण होतो. स्क्रिप्ट नीट चालायला लागल्यावर विचारणा झाली, आता किती लागतील? हिशेब मलाच करायचा होता. उत्तर चार होतं. मी सहा लिहिले, ते पाच झाले. उरलेल्या चौघांपैकी दोघांना मी सहा महिने शिकवत होतो. त्यांना स्क्रिप्ट वाचता यायला लागली आणि त्यांना दुसरीकडे काम मिळालं. एकाने गावी दुकान टाकलं. चौथा आपल्या भिवंडीचा, माझ्याच एसटीला असायचा. त्याचं शिकण्यात मन लागलं नाही, आणि मीही दमलो होतो. तो आता मानकोलीला एका गोदामात आहे. भेटला की हसून बोलतो. पण मला अजून नीट वर बघता येत नाही. आपल्या गावाने हातमाग जाऊन साचे येताना पाहिले, आणि आता धोट्याचे साचे जाऊन बिनधोट्याचे येताना पाहतो आहे. जॉबरच्या मुलाला हे कळायला हवं होतं, आणि सहा महिने नव्हे, दोन वर्षं आधी शिकवायला सुरुवात करायला हवी होती. ही ओळही मी माझ्या दक्षतेत लिहून ठेवली आहे.

शेवटचं. या मेळाव्याच्या तयारीसाठी आलो, तेव्हा कळलं की शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत चोवीस कॉम्प्युटर आहेत आणि दर दिवाळीच्या सुट्टीत एक सर एकटे बसून ते एकेक करून पुन्हा तयार करतात. म्हणून गेले तीन रविवार मी नववीच्या सहा मुलामुलींबरोबर बसलो. आता एक कॉम्प्युटर वाढतो आणि बाकीचे पंगतीला बसतात. सकाळी नऊला सुरू केलं तर मधल्या सुट्टीच्या आत होतं. पण मुलांना माझी एकच अट होती. स्क्रिप्ट नंतर, आधी प्रयोगवही. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, दक्षता. आणि कुणाच्याही वहीवरून उतरवायचं नाही.

ती वही कॉम्प्युटर खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जेवण झाल्यावर जरूर बघा. दक्षतेखाली पाच ओळी आहेत. चार मी सांगितलेल्या. पाचवी एका मुलीने स्वतःहून लिहिली आहे, दुसऱ्या रविवारच्या प्रकारानंतर. ती अशी: “मुख्याध्यापकांच्या खोलीतला कॉम्प्युटर याच स्विचला जोडलेला आहे. सुरू करण्यापूर्वी त्याची वायर काढून ठेवावी.”

सर, या वेळी ‘वीतभर’मध्येच लक्षात आलं. काही फुटलं नाही.